बॅटरी नवी, सेल्फ दुरुस्त, तरी पावसात गाडी अडते: जुन्या गाडीचे इंजिन अर्थिंग कसे तपासावे आणि बदलावे

तक्रार ओळखीची आहे. सकाळी चावी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड फिरतो, नाहीतर नुसता ‘टक्’ करून थांबतो. दोन-तीनदा मारला की गाडी चालू होते आणि दिवसभर काही त्रास देत नाही. मग बॅटरी बदलली जाते. चार-सहा महिने बरे जातात. पुन्हा तेच सुरू झाले की सेल्फ उघडून कार्बन आणि बुश टाकले जातात. आणखी काही महिने निघतात, आणि पुढच्या पावसात दुखणे परत दारात.

मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, इंडिका अशा वयस्कर गाड्यांत या फेऱ्याचे मूळ पुष्कळदा बॅटरीत नसते आणि सेल्फमध्येही नसते. ते इंजिनच्या अर्थिंगमध्ये असते. नवी बॅटरी घातल्यावर बरे वाटते, कारण तिच्यात जोर जास्त असतो आणि वाटेत वाया जाणारे व्होल्टेज ती काही काळ झाकून नेते. ती थोडी जुनी झाली की वाटेतला तोटा पुन्हा उघडा पडतो.

करंट परत कुठून जातो

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. रबरातून वीज जात नाही, म्हणजे विजेच्या हिशेबाने इंजिन बॉडीपासून तुटलेले आहे. ते जोडणारी अर्थिंगची केबल हाच खात्रीचा दुवा. सेल्फला पॉझिटिव्हकडून जाड वायरने आलेला सगळा करंट सेल्फच्या बॉडीतून इंजिनमध्ये आणि तिथून या केबलने बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो. काही गाड्यांत निगेटिव्हची जाड केबल सरळ गिअरबॉक्सवर येते आणि बॉडीला वेगळी बारीक वायर असते. काहींत जाड केबल आधी बॉडीला आणि मग बॉडीपासून इंजिनला दुसरा तुकडा किंवा विणलेली चपटी पट्टी. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे आधी बोटाने माग काढून पाहा.

लहान पेट्रोल इंजिन फिरवताना सेल्फ सहज १०० अँपिअर ओढतो, डिझेलमध्ये त्याच्या दुप्पट किंवा जास्त. या वाटेत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला तर १०० अँपिअरला १ व्होल्ट तिथेच संपतो. सेल्फ मारताना बॅटरी १०.५ व्होल्टवर आली असेल तर सेल्फच्या हातात ९.५ उरतात, आणि थंड इंजिनला ते कमी पडतात. जुन्या डिझेलमध्ये दुहेरी मार बसतो, कारण इंजिन सुरू होण्याआधी आत ऊब देणाऱ्या हीटर प्लगचाही परतीचा रस्ता इंजिन हेडमधूनच असतो.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. मल्टीमीटर ओहमवर किंवा ‘बीप’वर लावतात, एक टोक इंजिनला, एक निगेटिव्हला, बीप वाजतो आणि ‘अर्थिंग ओके’ असा निकाल लागतो. मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात, ०.०१ ओहमचा दोष त्यात दिसणे शक्यच नाही. केबलच्या शेकडो तारांपैकी दहा शिल्लक असल्या तरी बीप वाजतो. अर्थिंग तपासायचे ते भार चालू असताना, आणि मोजायचे व्होल्टेज.

संशय कधी घ्यावा

सेल्फची तक्रार सोडून आणखी काही खुणा आहेत. हेडलाइट लावताच टेंपरेचरचा काटा क्षणात वर उडी मारतो आणि बंद करताच खाली येतो. पाणी एका सेकंदात गरम होत नाही, तेव्हा हा काटा खोटे बोलतो आहे. इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटरकडून येते आणि अल्टरनेटरचा निगेटिव्ह म्हणजे इंजिनच. हेडलाइटचा करंट बॉडीतून इंजिनकडे परत जाताना सांधा खराब असेल तर बॉडी आणि इंजिन यांच्यात अर्धा-पाऊण व्होल्टचा फरक पडतो. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनमध्ये बसवलेला असल्याने तो फरक थेट काट्यावर उमटतो.

दुसरी खूण अधिक गंभीर आहे. जाड वाट बंद पडली की करंट मिळेल त्या वाटेने जातो: क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, चोक केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारल्यावर यातली एखादी कोमट लागली, आतले प्लॅस्टिक वितळून ती जड झाली किंवा वर्षात दोनदा तुटली, तर नुसती केबल बदलून थांबू नका. ॲक्सिलरेटर केबल अशा तापण्याने अडकून बसली तर प्रश्न गाडी चालू न होण्यापुरता राहत नाही.

इंडिकेटरच्या ठोक्यासोबत एकाच बाजूचा मागचा दिवा लुकलुकत असेल, तर ते बहुधा त्या दिव्याचे स्वतःचे अर्थिंग असते. त्यासाठी इंजिनची केबल खोलू नका.

पावसातच हे का वाढते? ओल आणि गंज हे एक. दुसरे म्हणजे भार. हेडलाइटचे दोन ५५ वॉटचे बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. त्यात वायपर, ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा धरला की २५-३० अँपिअर सहज होतात. ३० अँपिअर आणि ०.०२ ओहम म्हणजे ०.६ व्होल्ट गेले. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो, म्हणून घाटात रात्री दिवे पिवळट वाटतात. किनारपट्टीवर, रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्याकडे, खारी हवा वर्षभर हेच काम करत असते.

मोजणी

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करूनच पुढे जा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे येतील.

इंजिन फिरले पाहिजे, पण चालू होता कामा नये. कार्ब्युरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हची बारीक वायर काढून तिच्यावर टेप गुंडाळा. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि लाइनमधले उरलेले पेट्रोल संपून इंजिन बंद पडू द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, चाकाला दगड.

मीटर डीसी व्होल्टवर, स्वस्त मीटर असेल तर २० च्या रेंजवर. काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर. क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या बोल्टवर किंवा लिफ्टिंग हुकवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा, ३-४ सेकंद पुरे. दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्या, सेल्फ तापतो. आकडा ०.२ च्या आत आला तर इंजिन अर्थिंग निरोगी. ०.२ ते ०.५ मध्ये सांधे साफ करणे भाग आहे. ०.५ च्या वर असेल तर दोष नक्की आहे. १ किंवा २ व्होल्टही मिळतात.

आता दोष कुठे आहे ते शोधायचे. काळे टोक खुंटीवरच ठेवून लाल टोक एकेक पायरी पुढे न्या आणि प्रत्येक वेळी सेल्फ मारा: क्लॅम्प, केबलची लग (टोकाला चेपून बसवलेली, बोल्टासाठी भोक असलेली धातूची पट्टी), दुसऱ्या टोकाची लग, तिथला बोल्ट, बोल्टाशेजारचा धातू. समजा क्लॅम्पवर ०.०२, पहिल्या लगवर ०.०४, दुसऱ्या लगवर ०.०९, बोल्टाशेजारच्या धातूवर ०.७० आले. म्हणजे केबल चांगली आहे आणि लग ते धातू हा सांधा मेला आहे. अशा ठिकाणी नवी केबल त्याच गंजलेल्या जागेवर बसवली तर तीन महिन्यांत गाडी पुन्हा तिथेच उभी राहते, आणि दुखणे वारंवार परत येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. उडी दोन लगांच्या मध्ये असेल तर मात्र केबल किंवा तिचे क्रिंपिंग (लग तारांवर चेपून केलेला जोड) गेले.

बॉडीची मोजणी वेगळी करा. काढलेली वायर किंवा फ्यूज परत लावून इंजिन चालू करा, २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, हेडलाइट, ब्लोअर, वायपर लावा. काळे टोक खुंटीवर, लाल बॉडीच्या उघड्या धातूवर. इथे ०.१ च्या आत हवे. मग टोके बॉडी आणि इंजिन यांच्यात लावून बघा, तिथेही तेवढेच.

मीटर जवळ नसेल तर जंप स्टार्टची एक केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून सरळ इंजिनच्या धातूला लावा, आधी बॅटरीकडचे टोक आणि मग इंजिनकडचे, पंखा व पट्ट्यापासून दूर. सेल्फ लगेच ताड्दिशी फिरला तर कारण सापडले. रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्याचाही हा मार्ग आहे.

सामान

पेट्रोल गाडीला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक केबल पुरते, डिझेलला ३५ ची घ्या. २५ ची अर्धा मीटर केबल १०० अँपिअरला जेमतेम ०.०३५ व्होल्ट खाते, त्यामुळे याहून जाड घेऊन पेट्रोलमध्ये काही मिळत नाही. बॉडीच्या वेगळ्या वायरीला १० किंवा १६ चालते. वेल्डिंग केबल उत्तम: बारीक तारा असल्याने ती इंजिनच्या हलण्याने लवकर तुटत नाही, आणि एचओएफआर आवरणाची घेतली तर तेल व उष्णता सोसते. मात्र वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही मिळते, आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचीही. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर परत द्या. बाहेरून पांढरी आणि आतून लाल असेल तर ते कथलाचा मुलामा दिलेले तांबे आहे, तेच सगळ्यात चांगले.

लग कथलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्याच. आकार २५-८ किंवा २५-६: पहिला आकडा केबलचा, दुसरा बोल्टाचा. १२ च्या पान्याचा बोल्ट बहुतेक ८ मिलिमीटरचा, १० च्या पान्याचा ६ चा. गिअरबॉक्सचे कव्हर ॲल्युमिनियमचे असते. त्यावर उघडे तांबे टेकले आणि ओल लागली की पांढरी पूड धरते, म्हणून मुलाम्याचा हट्ट. सोबत आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, झिंकचा मुलामा दिलेले नवे बोल्ट, साधे आणि स्प्रिंग वॉशर, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, वायर ब्रश, व्हॅसलीन, रेड ऑक्साइड प्रायमर. मुंबईत लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ इथे हे सगळे मिळते आणि लग विकणारे काही दुकानदार तिथेच क्रिंपही करून देतात.

क्रिंपिंगला षटकोनी डायचे हायड्रॉलिक यंत्रच हवे. छिन्नी-हातोड्याने चेपलेली लग बाहेरून घट्ट वाटते, आत पोकळ्या राहतात, त्यातून ओल शिरते आणि हिरवा गंज तारांमधून आवरणाखाली आत सरकत जातो. लगमध्ये शिसे-कथील ओतून झाळण्याची पद्धतही टाळा. झाळ तारांमध्ये चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथे थरथरीने तारा तुटू लागतात. आवरण लगच्या खोलीपेक्षा २ मिलिमीटरच जास्त सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका, क्रिंप दोन ठिकाणी मारा आणि नळी आवरणावर निदान २ सेंटीमीटर चढेल अशी आकसवा.

लांबी जुन्या केबलइतकी, अधिक ५-७ सेंटीमीटर सैल. रेस देताना इंजिन माउंटिंगवर डुलते. ताणलेली केबल लगच्या मानेशी तुटते.

बदलताना

अंगठी आणि धातूचा पट्टा काढून ठेवा. इंजिन थंड असू द्या. बॅटरीजवळ विडी-सिगारेट, ठिणगी काही नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढायचा आणि सगळ्यात शेवटी लावायचा. उलट केले आणि पाना पॉझिटिव्ह व बॉडीला एकदम लागला तर तो तिथेच चिकटतो. एमपीएफआय गाडीत स्टिरिओचा कोड असेल तर आधी लिहून घ्या. बॅटरी काढल्यावर काही किलोमीटर आयडल कमी-जास्त होऊ शकते, मग ते बसते.

जुने बोल्ट काढण्याआधी रस्ट स्प्रे मारून १५-२० मिनिटे थांबा. जबरदस्तीने बॉडीतला बोल्ट तुटला तर त्याच्याशी झगडण्यापेक्षा शेजारी जाड पत्र्यावर, मागून नट लावता येईल अशी नवी जागा निवडा आणि ८ मिलिमीटरचा आरपार बोल्ट वापरा. सीटबेल्टचा, ब्रेक किंवा पेट्रोलच्या पाइपचा बोल्ट अर्थिंगला वापरू नका.

गिअरबॉक्सच्या बोल्टाखाली अर्थिंगसोबत दुसऱ्या बारीक काळ्या वायरीही लावलेल्या सापडतील. एमपीएफआय गाड्यांत ईसीएमचे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे) अर्थिंग बहुतेकदा इनटेक मॅनिफोल्डवर असते. फोटो काढून ठेवा. यातली एक विसरली की इंजिन चालूच होत नाही किंवा चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि दोष नव्या केबलवर ढकलला जातो.

आता मुख्य काम, जागा घासणे. लगच्या रुंदीपेक्षा थोडा मोठा गोल, साधारण २५ मिलिमीटर, ८० ने घासून रंग, गंज, अँटीरस्ट कोटिंग सगळे काढा, मग १२० ने चकचकीत करा. करड्या धातूवर थांबू नका, पांढरी चमक आली पाहिजे. आट्यांत रंग भरला असेल तर आटे पाडायचा टॅप फिरवा, ६ मिलिमीटरला १.० आणि ८ ला १.२५ चा. ॲल्युमिनियमवर हलक्या हाताने, तिथला धातू मऊ असतो.

लग सरळ धातूवर टेकली पाहिजे. तिच्यावर साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग बोल्ट. लग आणि धातू यांच्या मध्ये वॉशर घालणे ही नेहमीची चूक आहे. दातेरी स्टार वॉशर मूळ कंपनीने तिथे दिला असेल तर मात्र नवा घालून तसाच ठेवा. ६ चा बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर, ८ चा २० ते २५. ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये खालच्या आकड्यावर राहा. आटे गेले तर दुरुस्ती केबलपेक्षा महाग पडते. घट्ट केल्यावर लग बोटाने फिरता कामा नये.

मग सांध्यावर बाहेरून व्हॅसलीनचा थर, बॉडीकडे उघड्या राहिलेल्या धातूवर प्रायमर. क्रम महत्त्वाचा: आधी धातूला धातू, मग कसणे, मग झाकणे. केबल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून, ॲक्सलपासून आणि पट्ट्यापासून दूर न्या. बॅटरीच्या खुंट्या खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका), कोरड्या करा, आतून घासलेला क्लॅम्प बसवा, वरून व्हॅसलीन.

लगेच तीच मोजणी पुन्हा करा. नव्या कामाचा आकडा इंजिनवर ०.१ च्या आसपास यायला हवा. तो तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पुढच्या वेळी तुलना करायला दुसरे काही लागत नाही.

परत का बिघडते

पावसाळ्यापूर्वी खालून अँटीरस्ट फवारताना सांधा झाकला जातो, ते चालते. पण सांधा सोडवून, फवारून, परत लावला तर मध्ये कोटिंगचा थर राहतो. डेंटिंग-पेंटिंगनंतर हाच प्रकार रंगाचा. क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरतो, तेव्हा अर्थिंग परत लावायचे राहते किंवा चिखल लागलेल्या जागेवर तसेच कसले जाते. या तीन कामांनंतर गाडी ताब्यात घेताना मोजणी कराच. एरवी वर्षातून दोनदा पुरे: मृगाच्या आधी, आणि दसऱ्याला गाडी धुऊन पूजेला काढता तेव्हा.

रंगीत वायरींचे ‘ग्राउंडिंग किट’ विकले जातात. मोजणीत आकडे ०.१ च्या आत असतील तर त्या किटने मायलेज किंवा पिकअप वाढण्याचे काही कारण नाही. ते पैसे चांगल्या लग आणि क्रिंपिंगवर घाला.

अर्थिंगचे आकडे चांगले येऊनही सेल्फ जड असेल तर पॉझिटिव्हची बाजू तशीच मोजा: लाल टोक पॉझिटिव्ह खुंटीवर, काळे सेल्फच्या जाड बोल्टावर, सेल्फ मारताना ०.५ पेक्षा कमी हवे. नुसता ‘टक्’ होत असेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर चावी फिरवताना किती व्होल्ट येतात ते बघा. १० पेक्षा कमी असतील तर इग्निशन स्विच किंवा त्याची वायरिंग. १० च्या वर असूनही सेल्फ फिरत नसेल तर तो खाली उतरवून सोलेनॉइडच्या आतले जळलेले तांब्याचे कॉन्टॅक्ट आणि कार्बनची उरलेली लांबी पाहायची.